सोलापुरात नवीन ऑफिस करतोय, माणसं टिकतील असं कसं करावं?

होटगीरोडकर

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

आम्ही दोघं पार्टनर, अकाउंट्स आणि पेरोलचं काम करतो, क्लायंट सगळे ब्रिटनचे, त्यामुळं आमची शिफ्ट दुपारी साडेबाराला चालू होते ती रात्री साडेनऊपर्यंत. सहा वर्षांपूर्वी चौघं होतो, आज २८ जण आहोत आणि दोन वर्षांत ४० होतील असं दिसतंय. आत्ताची जागा सात रस्त्याजवळ, दुकानाच्या वर तीन खोल्या, तिथं आता खुर्ची मागं सरकवायची तर शेजारच्याला सांगावं लागतं. होटगी रोडला दुसऱ्या मजल्यावर २६०० चौरस फूट जागा घेतलीय, वर थेट गच्ची.

इंटिरियरवाल्याचं कोटेशन आलंय २२ लाखाचं. पुढं पश्चिमेला अख्खी काच, मधे एक मोठा मोकळा हॉल, दोन काचेच्या केबिन, पीओपीचं सिलिंग, मोठं रिसेप्शन आणि एका कोपऱ्यात टीटी टेबल, बीनबॅग वगैरे. पार्टनरला आवडलंय. मला मात्र झोप लागेना.

कारण सांगतो. गेल्या वर्षभरात आमची तीन चांगली मुलं पुण्याला गेली. पगार तिथं जास्त आहे हे खरं, पण जाताना एकानं सांगितलं की सर पगारापेक्षा दुपारी डोकं चालत नाही इथं, त्याचा कंटाळा आला. ते मनात राहिलं. मग एप्रिलमधे एकदा साडेतीनच्या सुमाराला आतल्या खोलीत गेलो तर आमच्या टीममधली एक मुलगी खिडकीला निळ्या-पांढऱ्या चौकड्याची आपली सोलापुरी चादर लावत होती, गजाला बाइंडर क्लिप अडकवून. उन्हाची तिरीप थेट तिच्या स्क्रीनवर पडत होती. विचारलं तर म्हणाली, सर रोज साडेतीनला लावते आणि साडेसहाला काढते, दोन महिने झाले. दोन महिने मी त्या खोलीत रोज जात होतो आणि मला ते दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून ठरवलं की नवीन जागा आधी तिच्यासाठी करायची, क्लायंटच्या फोटोसाठी नंतर.

पण धंदाही चालला पाहिजे ओ, पैसा झाडाला लागत नाही. तर २२ लाखातलं काय ठेवावं, काय काढावं, कुठं जास्त घालावं? पुढची दहा वर्षं तरी जागा बदलायची नाहीये. जाणकारांनी सांगा.

चुना_विटा

मी आर्किटेक्ट आहे, कॉलेज सोडलं तर सगळी वर्षं सोलापुरातच काढली. तुमचा धागा वाचून बरं वाटलं, कारण आमच्याकडं लोक आधी रिसेप्शनचा फोटो घेऊन येतात.

पहिलं म्हणजे ती पश्चिमेची काच काढून टाका. सोलापुरात मे महिन्यात पारा ४३ पर्यंत जातो आणि तुमची माणसं बसणार नेमकी दुपारी साडेबारापासून, म्हणजे दिवसाचा सगळ्यात वाईट तुकडा तुमच्या वाट्याला. पश्चिमेचं ऊन खाली उतरून येतं, छज्जाच्या खालून आत शिरतं, त्यामुळं छज्जा वाढवून उपयोग होत नाही, तिथं उभ्या पट्ट्या नाहीतर जाळी लागते. त्याहून सोपं, पश्चिमेच्या बाजूला टॉयलेट, स्टोअर, सर्व्हर, फायलींची कपाटं असं सगळं सारा, ती भिंतच उन्हाची ढाल होते, आणि माणसं बसवा उत्तरेच्या खिडक्यांकडं, तिकडून दिवसभर प्रकाश येतो आणि ऊन जवळपास नाही. जुन्या वाड्यांत जाड भिंती आणि आत चौक कशासाठी होता, याचसाठी.

दुसरं गच्ची. वरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळी सात-आठ वाजता खाली उष्णता सोडतो, तुमची शिफ्ट तेव्हाही चालूच. मालकाशी बोलून गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि त्यावर पांढरी चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांची फरशी) करून घ्या, निम्मा खर्च मालक देईल कारण गळतीही थांबते. ते नाही जमलं तर निदान पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट मारा, दर एक-दोन वर्षांनी परत मारावा लागतो. पीओपी सिलिंगवर जे पैसे लावणार होता त्यातले बरेच इथं गेले तरी चालतील.

तिसरं हवा, आणि हे कुणी विचारतच नाही. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच फिरवून गार करतो. खिडक्या बंद, २८ माणसं, चार तासांत खोलीतला कार्बन डायऑक्साइड कुठल्या कुठं वाढतो आणि मग तुमचा तो मुलगा म्हणाला तसं डोकं चालत नाही. बाहेरच्या हवेत तो ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२०) आसपास असतो. ऑफिसांसाठी अश्रे या अमेरिकन संस्थेचं एक स्टँडर्ड आहे, त्याच्या हिशोबानं माणशी ५ सीएफएम (मिनिटाला घनफूट) आणि दर चौरस फुटाला ०.०६ सीएफएम ताजी हवा लागते. तुमची ४० माणसं धरली तर २००, आणि २६०० फुटांची १५६, म्हणजे साधारण ३५६ सीएफएम. फिल्टर लावलेले दोन फ्रेश एअर फॅन यात भागवतील, फिल्टर नको म्हणू नका, आपल्याकडची धूळ तुम्हाला माहितीये. आणि कार्बन डायऑक्साइडचा एक मीटर भिंतीला टांगा, एनडीआयआर सेन्सर (खरोखर कार्बन डायऑक्साइड मोजणारा) लिहिलेला बघून घ्या, स्वस्तातले मीटर नुसता अंदाज दाखवतात.

एसी १८ वर लावून लोक स्वेटर घालून बसतात हे बघून वाईट वाटतं. २०२० पासून रूम एसी कंपनीतूनच २४ वर सेट होऊन यावा असा नियम आहे, आणि एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते असं बीईई, म्हणजे सरकारची वीजबचतीची संस्था, सांगते. २६ ठेवा आणि वर बीएलडीसी फॅन फिरू द्या, ३०-३५ वॅटमधे चालतात, साधा पंखा ७५ खातो. आपल्या लोकांना पंख्याच्या वाऱ्यात २६-२७ सुद्धा छान वाटतं.

पुण्याहून_परत

दादा, मी पाच वर्षं पुण्यात नोकरी करून दोन वर्षांपूर्वी परत आले, आता इथंच एका ठिकाणी पेरोल बघते, म्हणून लिहायचं धाडस करतेय.

पुण्यातल्या ऑफिसात कॉफी मशीन होतं, झोपाळा होता, भिंतीवर रंगीत चित्रं होती, आणि मी रोज जायला दीड तास यायला दीड तास बसमधे काढत होते. त्या झोपाळ्यावर पाच वर्षांत मी दोनदा बसले असेन. सोलापुरातल्या ऑफिसची सगळ्यात मोठी सोय म्हणजे घर पंधरा मिनिटांवर असणं, आणि तुमची साडेनऊची शिफ्ट नेमकी तीच काढून घेते. माझ्यासारखीच्या घरी तेव्हा पोरगी झोपलेली असते. तुमच्याकडं सगळ्यांनाच क्लायंटशी बोलावं लागतं का? ज्यांचं काम नुसतं डेटा आणि तपासणीचं आहे त्यांना दहा ते सात करता येईल का बघा. याला एक रुपया लागत नाही.

आता छोट्या वाटणाऱ्या गोष्टी, ज्या नकाशावर कुणी काढत नाही. लेडीज टॉयलेटचं दार हॉलमधे सगळ्यांच्या समोर उघडायला नको, पॅन्ट्रीच्या शेजारी तर अजिबात नको. आत पर्स अडकवायला हूक, झाकणाचा डस्टबिन, आतून नीट लागणारी कडी. एक छोटी खोली जिथं पाठ टेकता येईल, पाळीच्या पहिल्या दिवशी किंवा डोकं दुखत असताना अर्धा तास आडवं होता आलं तर माणूस उरलेला दिवस काम करतं, नाहीतर सुट्टी टाकून जातं. बाळंतपणाहून परत आलेल्या मुलीला तीच खोली लागते, नाहीतर ती बिचारी टॉयलेटमधे उभी राहून दूध काढते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

डब्याची जागा वेगळी आणि खरीखुरी ठेवा. तुमच्याकडं लोक संध्याकाळी सात-साडेसातला जेवत असतील. आमच्या आधीच्या जागेत आम्ही सहाजणी जिन्यात पेपर अंथरून बसायचो, कारण हॉलमधे शेंगा चटणीचा लसणाचा वास येतो म्हणून साहेब रागवायचे. वर-खाली कुणी आलं की गुडघे बाजूला घ्यायचे आणि कडक भाकरीचा तुकडा तोंडात तसाच. माझ्या मनातून ते जात नाही. टेबल, बेसिन, एक्झॉस्ट आणि डबा गरम करायची सोय, एवढं केलंत तरी खूप आहे.

आणि एक, दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं २०१३ च्या कायद्यानं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती लागते, तुमच्याकडं २८ आहेत म्हणजे ती आत्ताच पाहिजे. पन्नास किंवा जास्त झालात तर पाळणाघराची सोय पण कायद्यात आहे, तेव्हा जागा आखताना एक कोपरा आत्ताच धरून ठेवा, नंतर भिंती फोडू नका. रात्री साडेनऊला पार्किंगमधे उजेड असू दे आणि लांबच्या मुलींना सोडायला गाडी.

टॉवेलवाले_काका

ताई, जिन्यातलं वाचून घशाशी आलं. बरोबर बोललात.

होटगीरोडकर, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल आणि युनिफॉर्मचं बघतो. तीस वर्षं मागाशेजारी काढली, डाव्या कानानं आता कमी ऐकू येतं. तरुणपणी कुणी सांगितलं असतं तर कापूस घातला असता कानात. म्हणून आवाजाचं सांगतो, बाकीचं वरच्या दोघांनी सांगितलंय.

तुमचा तो मोठा मोकळा हॉल, खाली टाइल्स, बाजूला काच, वर पीओपी, सगळं कडक. ४० माणसं फोनवर बोलायला लागली की आवाज भिंतीला आपटून आपटून डोक्यात बसतो. आमच्या शिलाई हॉलच्या वर ऑफिस होतं तिथं हेच झालं, पोरं संध्याकाळी चिडचिडी व्हायची, हिशोबात चुका. मग मी वॉल हँगिंग लावली, पण पातळ होती, फरक पडेना. शेवटी लाकडी चौकटीत दोन इंच रॉकवूल भरून वरून टर्किशचा जाड कपडा ताणून लावला, खुर्चीत बसल्यावर कान येतो त्या उंचीला. त्या दिवसापासून माणूस हळू बोलायला लागला. चादर-टॉवेलच्या गावात राहून ऑफिसला बाहेरून अकॉस्टिक पॅनेल मागवायची काय गरज बघा की. फक्त कपड्याला आग न पकडणारं केमिकल मारून घ्या आणि वायरिंगपासून लांब ठेवा, हे विसरू नका.

पैशाचं विचारलंत. तीन पोरं गेली म्हणता. नवीन माणूस कामाला लागायला तुमच्यात किती महिने जातात? चार धरा, पगार २२ हजार धरा, ८८ हजार एकामागं, तिघांचे २ लाख ६४ हजार. शिकवणाऱ्याचा वेळ धरलाच नाही. हे दरवर्षी जाणार. गच्ची पांढरी करायचा खर्च एकदाच आहे.

अजून एक आपल्या गावचं, जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळ्याच्या दिवशी सुट्टी द्या, क्लायंटला डिसेंबरातच कळवून टाका. ब्रिटनवाल्यांना त्यांचा ख्रिसमस कळतो, आपला गड्डा पण कळेल. त्या दिवशी दांडी मारायला लावून माणसाला खोटं बोलायला लावू नये.

वाचत_असतो

मोकळ्या हॉलवर थोडं. लोकांना वाटतं भिंती काढल्या की माणसं एकमेकांशी बोलतील. २०१८ मधे बर्नस्टीन आणि टर्बन या दोघांनी अमेरिकेतल्या दोन मोठ्या कंपन्यांत लोकांच्या गळ्यात सेन्सर अडकवून मोजलं, मोकळं ऑफिस झाल्यावर समोरासमोरचं बोलणं साधारण ७० टक्क्यांनी कमी झालं आणि ईमेल-मेसेज वाढले. सगळे बघतायत म्हटल्यावर माणूस कानाला हेडफोन लावून बसतो. तेव्हा सहा-आठ जणांच्या खोल्या, टीमप्रमाणं, आणि फोनसाठी दोन-तीन बंद खोपटं, हे बरं.

हवेबद्दल चुना_विटा म्हणाले त्याला हार्वर्डच्या लोकांचा २०१५ चा प्रयोग पुष्टी देतो, चांगल्या हवेच्या दिवसांत निर्णय घेण्याच्या चाचणीतले गुण ६१ टक्के जास्त आणि हवा आणखी वाढवल्यावर १०१ टक्के जास्त आले. माणसं फक्त २४ होती, म्हणून आकड्याला फार चिकटू नका, दिशा मात्र पक्की.

आणि ताईंच्या मुद्द्याला जोडून, घरून कामाचं. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या प्रवास बुकिंगच्या कंपनीत १६१२ लोकांवर प्रयोग झाला, २०२४ मधे नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला. आठवड्यात दोन दिवस घरून काम दिलेल्यांमधे नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांश कमी झालं, कामात काही घट नाही. मॅनेजर मंडळींना आधी वाटत होतं काम २.६ टक्क्यांनी घटेल, नंतर त्यांचंच मत उलटं झालं. सगळ्यात जास्त फायदा बायकांना आणि लांबून येणाऱ्यांना झाला. होटगीरोडकर, तुम्ही ४० खुर्च्या कशाला मांडताय? दोन दिवस घरून दिलेत तर ३० मधे भागेल आणि उरलेल्या जागेत जेवणाची खोली, आडवं व्हायची खोली सगळं बसेल.

चुना_विटा

+१. फक्त पगाराचा डेटा घरच्या लॅपटॉपवर जाणार, त्याची सोय आधी क्लायंटशी लेखी बोलून घ्या, मग जागा कमी करा. आणि लाइट जातात तेव्हा घरी बॅकअप कुणाकडं आहे तेही विचारा.

पाण्याचं राहिलंच माझ्याकडून. ऑफिसला माणशी दिवसाला ४५ लिटर धरतात. ४० माणसांचे १८०० लिटर. तुमच्या भागात जितक्या दिवसांनी पाणी येतं तितक्यानं गुणा, पाच दिवस धरले तर ९००० लिटरची टाकी. मालकाला विचारा खाली किती आहे. टँकरच्या भरवशावर ऑफिस चालवलं की पहिला त्रास टॉयलेटला होतो, आणि तो कुणाला होतो हे ताईंनी लिहिलंच आहे.

दुपारी बाराला माणसं टू-व्हीलरवर ४३ डिग्रीतून येणार, तर पार्किंगवर पत्रा नको, हिरवी नेट किंवा झाड. आत आल्या आल्या माठ आणि दहा मिनिटं बसायला बाक. तापलेल्या अंगानं थेट एसीत जाऊन बसायला नको.

होटगीरोडकर

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, माफ करा. तुमचे सगळे प्रतिसाद प्रिंट काढून पार्टनरला दिले. काकांचा २ लाख ६४ हजाराचा हिशोब त्यानं स्वतः परत करून बघितला, आमच्यात शिकायला पाच महिने जातात म्हणून आकडा अजून वाढला, आणि मग तो रिसेप्शन लहान करायला तयार झाला.

मीटर आणला. जुन्याच जागेत लावला आधी. साडेबाराला ६०० च्या आसपास, साडेचारला १९०० च्या वर. पोरं जवळ येऊन बघत होती, एकजण म्हणाला सर याच वेळेला मला रोज जांभया येतात. खिडकी उघडली, वीस मिनिटांत हजाराच्या खाली. पण उघडली की ऊन आणि हॉर्न आत येतात, म्हणून नवीन जागेत फ्रेश एअर फॅन नक्की.

ठरलं ते असं. पश्चिमेची काच रद्द, तिथं टॉयलेट, स्टोअर आणि फायली. उत्तरेला चार खोल्या. खुर्च्या ३२, क्लायंटनं दोन टीमला आठवड्यातून दोन दिवस घरून करायला लेखी होकार दिलाय, तिसऱ्या टीमचं अजून अडलंय. सात जणांची वेळ दहा ते सात केली, त्यातल्या एकीनं दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं की सर काल पहिल्यांदा पोराचा अभ्यास घेतला. जेवणाच्या खोलीला टीटी टेबलची जागा गेली, पोरांना विचारूनच. ताईंनी सांगितलेली खोली आहे, आतून कडीसकट. समिती पण केली, बाहेरच्या सदस्य म्हणून एक वकील मॅडम आल्यात. काका, चौकटी तुमच्याकडनंच करून घ्यायच्यात, टर्किश कुठला घ्यायचा ते एकदा येऊन हात लावून बघतो.

खोल्यांचा नकाशा भिंतीला लावला आणि प्रत्येकाला आपली जागा पेन्सिलनं मार्क करायला सांगितली. चादरवाल्या मुलीनं उत्तरेच्या खिडकीशेजारची घेतली.

एकच अडचण राहिलीय, मालक गच्चीला निम्मे पैसे द्यायला तयार आहे पण चायना मोझॅक नीट उतार काढून करणारा मिस्त्री मिळेना, दोघांनी बघून गेल्यावर फोन उचलले नाहीत. मार्चच्या आत उरकायचंय. कुणाच्या ओळखीत असेल तर सांगा.

टॉवेलवाले_काका

आमच्या शेडवर ज्यानं केलं तो आहे, दोन पावसाळे झाले, थेंब नाही. नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. येत्या रविवारी सकाळी नऊच्या आत बोलवा, नंतर गच्चीवर उभं राहवत नाही.